घासणाऱ्या चकत्या, पॅड आणि बफ : प्रस्तावना

हातात धरून चालवायच्या सँडर, ग्राइंडर आणि पॉलिशर या यंत्रांत मोटर, गिअर, मूठ आणि कव्हर यापलीकडे फारसे काही नसते. लोखंडाला, लाकडाला, दगडाला किंवा रंगाच्या थराला प्रत्यक्ष भिडतो तो दांड्यावर बसवलेला सुटा भाग. घासायची जाड चकती, कापायची पातळ चकती, फ्लॅप डिस्क, रबरी पॅडवरचा पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, हिऱ्याच्या कणांची वाटी, फोमचा किंवा लोकरीचा पॅड, कापडी बफ ही त्याची नेहमीची रूपे. यंत्र वर्षानुवर्षे चालते. हे भाग काही मिनिटांत नाहीतर काही दिवसांत झिजून संपतात. पण काम साधले की बिघडले, वेळेत झाले की रखडले, आणि काम करणारा धडधाकट घरी परतला की नाही, हे बहुतांशी या झिजणाऱ्या भागावर ठरते. खरेदीच्या वेळी मात्र चर्चा होते ती यंत्राच्या वॅटची आणि कंपनीच्या नावाची. चकती दुकानदार देईल ती. हा क्रम उलटा आहे. प्रस्तुत पुस्तक म्हणूनच यंत्रापासून नव्हे, चकतीपासून सुरू होते.

घासणे हे मुळात कापणेच आहे. रंध्याला एक पाते असते, करवतीला मोजके दाते असतात, चकतीला हजारो. फरक एवढाच की चकतीवरचे दाते कोणी धार लावून बसवलेले नसतात. प्रत्येक कण मिळेल त्या कोनात अडकलेला असतो. त्यांतले बरेचसे नुसते घासतात, काही पृष्ठभाग नांगरतात, आणि थोडेच खरोखर कीस काढतात. म्हणून तेवढाच धातू काढायला ग्राइंडरला लेथपेक्षा किती तरी जास्त शक्ती लागते आणि तिचा मोठा वाटा उष्णतेत जातो. लोखंड घासताना उडणारी ठिणगी म्हणजे हाच तापलेला कीस. तो हवेत उडाला की ऑक्सिजनशी संयोग पावून पेट घेतो. पितळ किंवा ॲल्युमिनियम घासताना अशा ठिणग्या दिसत नाहीत. त्यामुळे तिथे उष्णता नाही असे वाटते आणि फसगत होते. मऊ ॲल्युमिनियमचा कीस तापून कणांच्या मधल्या फटींत चिकटतो, चकती ‘भरते’ आणि घासण्याऐवजी नुसती तापवू लागते.

कोणत्याही चकतीचे घटक तीन : कण, कणांना धरून ठेवणारा बंध, आणि त्या दोघांना आधार देणारा पाया. पाया कधी कागद असतो, कधी कापड, कधी व्हल्कनाइज्ड फायबर, कधी काचतंतूंची जाळी, कधी पोलादाची तबकडी. नवख्या माणसाचे लक्ष कणाकडे जाते, कारण पाकिटावर मोठ्या अक्षरात आकडा असतो तो त्याचाच. जाणकार बंधाकडे आधी पाहतो. बोथट झालेला कण वेळेवर तुटला किंवा गळून पडला, तरच खालचा धारदार कण वर येतो. चकतीला धार लावावी लागत नाही ती यामुळे. बंध गरजेपेक्षा घट्ट असेल तर बोथट कण सुटत नाहीत आणि चकतीचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत होतो. बंध फार सैल असेल तर चांगले कणही उडून जातात. म्हणूनच कठीण पदार्थाला मऊ बंधाची चकती आणि मऊ पदार्थाला कठीण बंधाची चकती हा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उफराटा वाटणारा नियम पडला. कठीण ग्रॅनाइटवर हिऱ्याची चकती ‘चालत नाही’ अशी तक्रार असते, तेव्हा दोष बहुधा हिऱ्याचा नसतो. हिऱ्याला धरणारा धातूचा बंध झिजत नाही, आणि आतले कण उघडे पडत नाहीत. अशी चकती थोडा वेळ एखाद्या खरखरीत विटेवर किंवा सिमेंटच्या ठोकळ्यावर चालवली की पुन्हा कापू लागते.

यंत्रे येण्याआधीही हे ज्ञान होते, फक्त ते हातात होते, पुस्तकात नव्हते. तलवारी आणि सुऱ्यांना धार व झिलई देणारे शिकलगार मराठी मुलखाला चांगले ओळखीचे आहेत. जवाहिऱ्यांकडे कुरुंदाची पूड लाखेत मिसळून केलेली चाके असत. हे चाक म्हणजे आजच्या रेझिन चकतीचा थेट पूर्वज आहे, कारण लाख हे नैसर्गिक रेझिनच. लाखेच्या बंधाची चाके आजही पूर्णपणे गेलेली नाहीत. पोलाद गिरण्यांतल्या रुळांना शेवटची मुलायम घासणी देण्यासारख्या कामांत ती टिकून आहेत. युरोपात ग्रीसच्या नाक्सोस बेटावरचा एमरी दगड शतकानुशतके हेच काम करत होता. 1833 मध्ये लंडनमध्ये जॉन ओकी याने काचपेपरचे उत्पादन सुरू केले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत व्हर्माँटच्या आयझॅक फिशरने तशाच कागदाची पेटंट मिळवली.

नैसर्गिक कणांची अडचण अशी की एका खाणीचा माल दुसरीसारखा नसतो, आणि एकाच खाणीचाही कालचा आजच्यासारखा नसतो. ही अडचण विजेच्या भट्टीने सोडवली. 1891 मध्ये पेनसिल्व्हेनियात एडवर्ड ॲचेसन कृत्रिम हिरा करायच्या खटपटीत होता. त्याने चिकणमाती आणि कोक यांच्या मिश्रणातून प्रचंड विद्युतप्रवाह सोडला. हिरा मिळाला नाही, सिलिकॉन कार्बाइडचे चमकदार स्फटिक मिळाले. त्याने त्याला कार्बोरंडम हे नाव दिले. सुरुवातीला हा माल रत्ने घासणाऱ्यांना कॅरटच्या भावाने विकला जाई. नायगाराच्या धबधब्यावरची वीज मिळू लागल्यावर तो कारखान्यांना परवडेल अशा भावात आला. 1897 मध्ये चार्ल्स जेकब्स याने बॉक्साइट वितळवून कृत्रिम कुरुंद, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, तयार केला आणि मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्टन कंपनीने तो उचलला. तेव्हापासून आजतागायत सर्वसाधारण चकत्यांची विभागणी याच दोन कणांत आहे. पोलादासारख्या चिवट धातूला ॲल्युमिनियम ऑक्साइड. दगड, काच, बीड, पितळ आणि रंगाला सिलिकॉन कार्बाइड.

कागदी बाजूची मोठी उडी एका फसलेल्या खाणीतून आली. 1902 मध्ये मिनेसोटात कुरुंद काढण्यासाठी पाच जणांनी कंपनी काढली. जमिनीतून निघाला तो कुरुंद नव्हता, घासायला कुचकामी असा दुसराच खडक होता. कंपनी नाइलाजाने बाहेरून कण आणून सँडपेपर करू लागली. तीच पुढची थ्रीएम. फिलाडेल्फियातल्या फ्रान्सिस ओकी नावाच्या शाईवाल्याने या कंपनीकडे कणांचे नमुने मागितले, तेव्हा हे कशासाठी अशी चौकशी झाली आणि त्याने पाण्यात भिजवून वापरता येणारा कागद शोधल्याचे उघड झाले. 1921 मध्ये तो बाजारात आला. मोटारींचा रंग घासताना उडणाऱ्या धुळीत तेव्हा शिसे असे. पाणी लावून घासल्यामुळे धूळ दबली आणि रंगही अधिक नितळ येऊ लागला. काम सुधारणे आणि कामगाराचा जीव वाचणे या दोन गोष्टी एकाच शोधात आल्याचे हे या क्षेत्रातले ठळक उदाहरण आहे.

यंत्रांची वाट वेगळी. जर्मनीत फाइन कंपनीने 1895 मध्ये विजेवर चालणारे हातड्रिल केले. पण आज ज्याला सगळे नुसते ‘ग्राइंडर’ म्हणतात तो काटकोनी डोक्याचा, वेगवान ग्राइंडर यायला 1954 उजाडावे लागले; तो आकरमान आणि श्मिट या जर्मन कंपनीने, म्हणजे आजच्या फ्लेक्सने, आणला. उशिराचे कारण मोटरइतकेच चकतीतही होते. मातीच्या भाजलेल्या बंधाची चाके ठिसूळ असतात. बाकावर पक्क्या बसवलेल्या यंत्रात ती चालतात, पण हातातल्या यंत्राचा कोन क्षणाक्षणाला बदलतो, बाजूने दाब येतो आणि असे चाक फुटते. 1907 मध्ये लिओ बेकलंडने शोधलेल्या फेनॉलिक रेझिनचा बंध आणि आत काचतंतूंची जाळी, या जोडीने लवचिक, सहजी न फुटणारी चकती शक्य झाली. चकती तयार नसती तर यंत्र कपाटातच राहिले असते. त्याच 1954 च्या डिसेंबरात जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिराही बनला, आणि फरशी, ग्रॅनाइट व काँक्रीट कापणाऱ्या स्वस्त हिरा-चकत्यांचा पाया घातला गेला. हिरा सर्वांत कठीण असूनही पोलादावर लावत नाहीत, कारण तापलेले लोखंड हिऱ्यातला कार्बन ओढून घेते. कठीण पोलादाला उपयोगी पडणारे क्युबिक बोरॉन नायट्राइड 1957 मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले.

महाराष्ट्राचा या इतिहासात थेट वाटा आहे. उरणजवळच्या मोरा येथे 1941 मध्ये ग्राइंडवेल ही कंपनी चाके बनवू लागली. तीच पुढे ग्राइंडवेल नॉर्टन झाली. 1954 मध्ये मद्रासकडे कार्बोरंडम युनिव्हर्सल उभी राहिली. मुलुंडचे रॅलीवुल्फ आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळचे केपीटी ही नावे जुन्या फिटरच्या तोंडी आजही आहेत. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत ओतकाम साच्यातून निघाले की त्यावरचे फाटे, कडांचे पापुद्रे आणि चिकटलेली वाळू काढणे, म्हणजे फेटलिंग, हे ग्राइंडरचेच काम. दिवसभर बिडावर चालणारी चकती काय सोसते हे पाहायचे असेल तर त्यासाठी यापेक्षा चांगली जागा नाही.

गेल्या साठ-सत्तर वर्षांत जोडण्यांची पाच मोठी घराणी तयार झाली आहेत. पहिले चकतीच बंधाने घडवलेली, म्हणजे कटिंग व्हील आणि ग्राइंडिंग व्हील. दुसरे कागद, कापड किंवा फायबरवर कण चिकटवलेले. फ्लॅप डिस्क, फायबर डिस्क, बेल्ट आणि व्हेल्क्रोचे गोल पेपर यात येतात. यातले कण चिकटवताना विद्युतक्षेत्रातून सोडतात, म्हणजे ते टोक वर करून उभे बसतात. हाताने शिंपडलेल्या कणांपेक्षा असा कागद फार वेगाने कापतो. तिसरे हिऱ्याचे. चौथे नायलॉनच्या जाळीत कण गुंफलेल्या न-विणलेल्या पॅडचे आणि तारेच्या ब्रशचे. हे आकार बदलत नाहीत, फक्त पृष्ठभाग साफ करतात किंवा त्याला एकसारखा पोत देतात. पाचवे बफ आणि पॉलिशिंग पॅड, ज्यांच्यात स्वतःचा कण नसतोच. तो वडीतून किंवा पेस्टमधून द्यावा लागतो. दुसऱ्या घराण्यातली अलीकडची नवलाई म्हणजे सिरॅमिक कण. 1981 पासून ते बाजारात आहेत, आणि 2009 मध्ये थ्रीएमने ते साच्यातून काढलेल्या नेमक्या त्रिकोणी आकारात आणले. कण कसाही बसलेला असतो ही घासण्याच्या शास्त्राची जुनी मर्यादा तिथे आणखी थोडी ओलांडली गेली.

वापराच्याही दोन विचारधारा दिसतात. एक म्हणते, प्रत्येक कामाला वेगळे यंत्र : लाकडाला रँडम ऑर्बिटल सँडर, गाडीच्या रंगाला मंद गतीचा पॉलिशर, कोपऱ्याला डेल्टा सँडर, साच्याच्या आतल्या भागाला डाय ग्राइंडर. दुसरी म्हणते, मोटर एकच ठेवा आणि जोडण्या बदला. दुसऱ्या महायुद्धानंतर घरगुती ड्रिल स्वस्त झाले, तेव्हा त्याला सँडिंग पॅड, बफ, तारेचा ब्रश, अगदी करवतही लावायचे संच इंग्लंड-अमेरिकेत जोरात खपले. भारतीय कारागीर परिस्थितीमुळे दुसऱ्या धारेत आहे. त्याचा चार इंची ग्राइंडर लोखंड कापतो, वेल्डिंग घासतो, फरशी कापतो, दरवाजा सँड करतो आणि ग्रॅनाइटला पॉलिशही करतो. या काटकसरीला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण तिची सीमा गतीने आखलेली आहे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेतो, गाडी पॉलिश करायचे यंत्र साधारण 600 ते 3,000. लोकरीचा पॅड ग्राइंडरवर लावला तर रंग चमकण्याआधी जळतो. गती कमी-जास्त करता येणारा ग्राइंडर असेल तर एका मोटरवर बरीच कामे धकतात. नसेल तर वेगळे यंत्र घेण्याला पर्याय नाही.

चकतीवर छापलेले आकडे वाचता येणे हे या विषयाचे अक्षरज्ञान आहे. काचतंतूंच्या जाळीच्या चकतीच्या कडेचा कमाल वेग सर्वसाधारणपणे सेकंदाला 80 मीटर धरतात, म्हणजे ताशी 288 किलोमीटर. युरोपीय पद्धतीत तो लाल पट्ट्याने दाखवतात. यावरून प्रत्येक व्यासाची कमाल गती निघते : 100 मिलिमीटरला साधारण 15,200, 125 ला 12,200, 180 ला 8,500, 230 ला 6,600 फेरे. आता एक प्रत्यक्ष हिशेब. 180 ची मोठी चकती झिजून लहान झाली, ती गार्ड काढून छोट्या ग्राइंडरवर बसवली, हे अनेक वर्कशॉपमध्ये सर्रास चालते. चकती खरोखर 125 पर्यंत झिजली असेल तर कडेचा वेग मर्यादेत येतो, फक्त गार्ड गेलेला असतो. पण ती अजून 160 ची असेल, तर 11,000 फेऱ्यांना कडेचा वेग सेकंदाला 92 मीटर होतो. शिवाय चकतीतला ताण वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने तो ठरलेल्या मर्यादेच्या जवळजवळ एक तृतीयांश वर जातो. भोकाचाही प्रश्न आहेच. भारतात रुळलेल्या 100 मिलिमीटर यंत्राचा दांडा एम-10 आणि चकतीचे भोक 16 मिलिमीटर. मोठ्या यंत्रांचा दांडा एम-14 आणि भोक 22.23. मोठ्या भोकाची चकती वायसर घालून बसवली की ती मध्यावर बसत नाही, आणि मध्यावर नसलेली चकती हात हलवून सोडते.

तिसरा आकडा तारखेचा. रेझिनचा बंध ओलावा आणि उष्णतेने कमकुवत होतो, म्हणून चांगल्या चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदत ठोकलेली असते. ती साधारण तीन वर्षांची असते. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात उघड्यावर लोंबकळलेली चकती मुदतीच्या आतही भरवशाची राहत नाही. भाजलेल्या चाकाला टिचकी मारून आवाज ऐकायची जुनी परीक्षा रेझिन चकतीला लागू नाही. तिची तपासणी डोळ्यांनी करायची आणि नवी चकती लावल्यावर मिनिटभर रिकामी फिरवून बघायची, आणि तेवढा वेळ तिच्या रेषेत उभे राहायचे नाही. कापायच्या पातळ चकतीने बाजूने घासणे आणि ग्राइंडरवर लाकूड कापायचे दातेरी पाते लावणे, या दोन प्रथा या पुस्तकात कुठेही शिकवलेल्या नाहीत. पाते अडकले की ग्राइंडर उसळतो. त्याला लाकूड-करवतीसारखा फाळ नाही, योग्य गार्ड नाही, आणि बऱ्याच यंत्रांचा स्विच अडकून सुरूच राहतो.

चकत्यांचा क्रम कसा लावतात हे स्टेनलेसच्या कठड्याच्या एका जोडावर नीट दिसते. नळीच्या जोडावर वेल्डिंगचा उंचवटा आहे. साठ नंबरच्या फ्लॅप डिस्कने तो नळीच्या पातळीला आणतात. डिस्क पृष्ठभागाशी थोड्या कोनात, फार न दाबता, सतत हलती ठेवून. एका जागी थांबले की धातू पिवळा, मग निळा पडतो. नंतर 120 ची डिस्क आधीच्या ओरखड्यांना आडवी चालवतात, म्हणजे 60 चा एकही ओरखडा शिल्लक असला तरी तिरपा दिसून येतो. मग न-विणलेला पॅड, मग सिसलच्या बफवर कापणारी वडी, शेवटी शिवलेल्या सुती बफवर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी वडी. घाई करून 60 वरून थेट बफवर उडी मारली तर बफ ओरखड्यांचे काठ चमकवतो आणि ओरखडे आधीपेक्षा जास्त उठून दिसतात. अजून एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. हीच डिस्क सकाळी साध्या लोखंडावर चालली असेल, तर लोखंडाचा कीस स्टेनलेसमध्ये रुततो आणि पहिल्याच पावसाळ्यात कठड्यावर तांबडे ठिपके येतात. स्टेनलेसच्या चकत्यांवर लोह, गंधक आणि क्लोरीन नसल्याचा उल्लेख असतो तो याचसाठी, आणि त्या चकत्या वेगळ्या ठेवायच्या असतात तेही याचसाठी.

गाडीच्या रंगात चुकीला याहून कमी जागा असते. रंगाचे सगळे थर मिळून बहुधा 100 ते 150 मायक्रॉन, त्यातला वरचा पारदर्शक थर 40-50. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. प्रत्येक पॉलिश हा थर थोडा खाते. फिरत्या गोल पॅडने लवकर काम होते, पण कडेवर आणि उंचवट्यावर तो एका दमात पत्रा उघडा करू शकतो. उन्हात वर्तुळाकार जाळी दिसते ती त्याचीच. रँडम ऑर्बिटल यंत्रात पॅड मुख्य दांड्यापासून किंचित बाजूला, मोकळ्या बेअरिंगवर बसवलेला असतो. तो फिरतो आणि डुलतोही, म्हणून एका कणाची वाट दुसऱ्यांदा तीच राहत नाही. हीच कल्पना सुताराच्या सँडरमध्येही आहे. त्यातली डुलण्याची लांबी अडीच मिलिमीटर असेल तर शेवटच्या कामाला, पाच असेल तर सर्वसाधारण कामाला.

हा विषय आज तातडीचा झाला आहे त्याचे पहिले कारण धूळ. फरशी, ग्रॅनाइट, काँक्रीट घासताना उडणाऱ्या बारीक धुळीत स्फटिकरूप सिलिका असते. ती फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. मध्य प्रदेशात मंदसौरचे पाटीपेन्सिल कामगार आणि गुजरातमध्ये खंबातचे अकीक घासणारे यांच्या बाबतीत हे वैद्यकीय अभ्यासांत नोंदले गेले आहे. 1948 च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला आजार ठरवला. अमेरिकेत हवेतल्या सिलिकेची मर्यादा 2016 मध्ये घनमीटरला 0.05 मिलिग्रॅमवर आणली गेली. भरपूर सिलिका असलेल्या कृत्रिम दगडाच्या ओट्यांवर ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून बंदीच घातली. आपल्याकडे नव्या फ्लॅटमध्ये ओटा बसवताना कोरड्या ग्राइंडरने कडा घासणारा माणूस तोंडाला फडके बांधतो; त्याने धुळीचे मोठे कण अडतात, फुप्फुसात खोल जाणारे अडत नाहीत. पाणी लावून घासणे किंवा चकतीभोवती शोषणारे आच्छादन आणि व्हॅक्यूम, हेच खरे उपाय. पाणी लावायचे तर यंत्राच्या विजेच्या जोडणीला आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. लाकडाची धूळही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ती माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. सँडरच्या कागदाला भोके असतात ती धूळ ओढून घेण्यासाठी. पॅडच्या भोकांशी ती न जुळवता कागद चिकटवला तर यंत्राला लावलेल्या व्हॅक्यूमचा उपयोग शून्य.

दुसरे कारण कंपन. वर्षानुवर्षे ग्राइंडर धरणाऱ्यांच्या बोटांतला रक्तपुरवठा कमी होतो, थंडीत बोटे पांढरी पडतात, पकड जाते. युरोपीय संघाच्या 2002 च्या निर्देशात आठ तासांच्या कामासाठी कंपनाची मर्यादा सेकंद वर्गाला 5 मीटर आणि दक्षतेची पातळी अडीच मीटर आहे. यंत्र तेच ठेवून फक्त तोल बिघडलेली चकती बदलली तरी हातापर्यंत येणारे कंपन कमी होते. तिसरे कारण बाजार. बॅटरीचे ग्राइंडर, 2019 मध्ये बॉशने आणलेली स्पॅनरशिवाय लागणारी एक्स-लॉक पद्धत, आणि मोबाइलवर दोन मिनिटांत मागवता येणाऱ्या निनावी चकत्या, हे सगळे एकाच वेळी आले आहे. जोडण्या आता गिऱ्हाइकाच्या घरी थेट येतात, मधला जाणता दुकानदार गळाला. पूर्वी ‘हे यावर चालणार नाही’ असे सांगणारा कोणी तरी काउंटरमागे असे.

मराठीत या विषयाचे ज्ञान बहुतांश तोंडी आहे. आयटीआयच्या पुस्तकांत बाकावरच्या ग्राइंडरला जागा मिळते, हातयंत्राच्या जोडण्यांना ओझरती. प्रस्तुत पुस्तक वेल्डर, सुतार, फरशीवाला, गाड्या रंगवणारा, फाउंड्रीतला फेटलर आणि घरी हौसेने काम करणारा अशा सर्वांसाठी आहे, पण मांडणी धंद्यानुसार नाही, पदार्थानुसार आहे : आधी पदार्थ ओळखायचा, मग कण आणि बंध ठरवायचा, मग चकतीचा आकार, आणि सर्वांत शेवटी यंत्र. एकाच कामाला दोन मार्ग असतील तर दोन्ही दिले आहेत, आणि स्वस्त मार्गाची किंमत वेळेत किंवा जोखमीत कुठे मोजावी लागते तेही. कंपन्यांची तुलना मुद्दाम टाळली आहे. चकतीवरच्या खुणा वाचता आल्या तर निवड वाचकाला स्वतः करता येते.

काही गोष्टी बाहेर ठेवल्या आहेत. सरफेस ग्राइंडर, सिलिंड्रिकल ग्राइंडर, बाकावरची पॉलिशिंग लेथ आणि दागिन्यांचे बफकाम यांना स्वतंत्र पुस्तके हवीत. डाय ग्राइंडरच्या दांडीवर बसणाऱ्या लहान दगडी टोकांना आणि कार्बाइड बरना एक प्रकरण दिले आहे, कारण साच्यांच्या कामात आणि ओतकामाच्या आतल्या भागात त्यांच्याशिवाय चालत नाही, आणि दांडी पकडीबाहेर जास्त ठेवल्याने तिची सुरक्षित गती किती झपाट्याने घसरते हे फारसे कुठे लिहिलेले सापडत नाही. मापे बाजारात बोलतात तशीच, चकतीचा व्यास इंचात आणि मिलिमीटरमध्ये, भोक मिलिमीटरमध्ये, कागदाचा नंबर युरोपीय ‘पी’ पद्धतीत, अशी दिली आहेत. जुन्या अमेरिकी नंबरांशी जुळणी शेवटच्या तक्त्यात आहे, कारण 240 च्या पुढे हे दोन आकडे एकमेकांपासून दूर जात जातात आणि बाजारात दोन्ही प्रकारचे कागद एकाच फळीवर मिळतात.